गिऱ्हाइकं पाच, बाजार अब्जावधींचा!

(लिथोग्राफी मशिनांच्या विक्रीचा एक धडा)
– तृतीय वर्ष, ई अँड टीसी, मुलींचे वसतिगृह

सुरुवातीलाच एक कबुली देते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. शाळेत मराठी बोलताना सापडलं की एक रुपया दंड असायचा, आणि तो मी भरपूर भरला आहे! तरी लिहायची सवय राहिली नाही. ऱ्हस्व-दीर्घ संपादक मंडळातल्या मैत्रिणीने तपासून दिले आहेत. उरलेल्या चुका माझ्या.

आता मुद्द्याकडे येते. गेल्या सेमिस्टरला डिपार्टमेंटच्या पेपर प्रेझेंटेशनमध्ये मी विषय घेतला होता "सेमीकंडक्टर लिथोग्राफी उपकरणांची बाजारपेठ". विषय भारी वाटला म्हणून घेतला, खोटं कशाला बोलू? वीस स्लाइड्स केल्या. वर चढत जाणारे आलेख, रंगीत नकाशा, "आशियात आक्रमक विक्री धोरण" वगैरे वाक्यं. शेवटी प्रश्नोत्तरं सुरू झाली. मागच्या रांगेतून आमचे एक सर उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, "समज, हे मशीन तू धोलेराला विकायला निघालीस. पहिल्या दिवशी बरोबर काय नेशील?"

मी म्हणाले, "सर, ब्रोशर."

सगळा हॉल हसला. सर मात्र हसले नाहीत. "विचार कर," एवढंच म्हणाले. बक्षीस अर्थातच गेलं, पण तो प्रश्न डोक्यातून गेला नाही. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर आहे.

मशीन करतं काय?

मेकॅनिकल आणि सिव्हिलच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. चिप तयार होते सिलिकॉनच्या गोल चकतीवर. तिला म्हणतात वेफर. वेफरवर प्रकाशाला संवेदनशील असं रसायन पसरतात, ते फोटोरेझिस्ट. सर्किटची नक्षी कोरलेली काच म्हणजे मास्क. मास्कमधून प्रकाश जातो, भिंगांतून लहान होतो आणि वेफरवर नक्षीचा ठसा उमटतो. एका चिपसाठी हे काम कित्येक थरांत पुन्हा पुन्हा करावं लागतं, आणि दर वेळी नवा थर जुन्या थरावर काही नॅनोमीटरच्या अचूकतेने बसला पाहिजे. हे सगळं जे करतं ते लिथोग्राफी मशीन, आणि ज्या कारखान्यात ते असतं तो फॅब.

किती बारीक रेषा छापता येईल याचं सूत्र आपल्याला तिसऱ्या वर्षात येतं: किमान रुंदी म्हणजे के-वन गुणिले तरंगलांबी भागिले एनए. एनए म्हणजे भिंग किती रुंद कोनातून प्रकाश गोळा करतं त्याचं माप. के-वन हा प्रक्रियेचा स्थिरांक, तो ०.३ धरू. आता गणित करून बघा:

१) १९३ नॅनोमीटर प्रकाश, एनए १.३५ : सुमारे ४३ नॅनोमीटर
२) १३.५ नॅनोमीटर प्रकाश, एनए ०.३३ : सुमारे १२ नॅनोमीटर
३) १३.५ नॅनोमीटर प्रकाश, एनए ०.५५ : सुमारे साडेसात नॅनोमीटर

पहिली ओळ म्हणजे डीयूव्ही मशीन, ज्यात भिंग आणि वेफर यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर असतो. दुसरी ईयूव्ही, तिसरी हाय-एनए ईयूव्ही. ईयूव्हीचा प्रकाश हवासुद्धा शोषून घेते आणि काचही. म्हणून सगळा मार्ग निर्वात ठेवावा लागतो आणि भिंगांऐवजी आरसे वापरावे लागतात. हा प्रकाश निर्माण करायला वितळलेल्या कथिलाचे थेंब सेकंदाला ५०,००० या वेगाने सोडतात आणि प्रत्येक थेंबावर लेसरचा मारा करतात. वाचूनच घाम फुटतो!

असं एक मशीन पाठवायला सुमारे ४० कंटेनर लागतात. ईयूव्ही मशीन बनवणारी कंपनी जगात एकच, नेदरलँड्समधल्या वेल्डहोवन गावची एएसएमएल. डीयूव्ही आणि त्याहून जुन्या तंत्राच्या मशिनांत जपानच्या निकॉन आणि कॅनन याही आहेत.

बाजार वाढला म्हणजे नक्की काय वाढलं?

माझ्या स्लाइडवर लिहिलं होतं, "मागणी वाढली म्हणून बाजार वाढला." सर बहुतेक तिथेच वैतागले असावेत. आकडे बघू.

जगातली चिप्सची विक्री २०१४ मध्ये सुमारे ३३६ अब्ज डॉलर होती. २०२४ मध्ये ती सुमारे ६२८ अब्ज झाली. म्हणजे दहा वर्षांत दुप्पटही नाही. त्याच दहा वर्षांत एएसएमएलची विक्री ५.९ अब्ज युरोवरून २८.३ अब्ज युरोवर गेली. जवळजवळ पाचपट! चिप्स दुप्पट झाल्या नाहीत, तर चिप छापायच्या मशीनवाल्याचा धंदा पाचपट कसा झाला?

उत्तर वरच्या सूत्रात आहे. रेषा जितकी बारीक, तितकं मशीन अवघड आणि महाग. शिवाय जुन्या मशीनवर बारीक रेषा काढायची तर एकच थर दोन-तीन वेळा छापावा लागतो, म्हणजे मशिनं जास्त लागतात. थोडक्यात, चिपवर होणाऱ्या प्रत्येक रुपयाच्या खर्चात लिथोग्राफीचा वाटा वाढत गेला.

आणखी एक गंमत. २०२३ मध्ये एएसएमएलने ४४९ मशिनं विकली, २०२४ मध्ये ४१८. ईयूव्ही मशिनं ५३ वरून ४४ वर आली. तरी एकूण विक्री २७.६ वरून २८.३ अब्ज युरो झाली. २०२४ मधल्या त्या ४४ मशिनांचे मिळून सुमारे ८.३ अब्ज युरो आले. म्हणजे एकाची सरासरी किंमत सुमारे १९ कोटी युरो. युरो ९० रुपयांना धरला तर एक मशीन १,७०० कोटींचं! आपल्या कॉलेजची सगळी इमारत, मेस आणि ती बंद पडलेली लिफ्ट धरूनसुद्धा त्यात किती वेळा बसेल, हिशेब सिव्हिलवाल्यांनी करावा.

२८.३ अब्जांतले सुमारे ६.५ अब्ज नव्या मशीनचे नव्हतेच. ते आले आधी बसवलेल्या मशिनांची देखभाल, सुटे भाग आणि सुधारणा यांतून. म्हणजे जवळपास चौथा हिस्सा. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

झेरॉक्सवाले काका आणि तैवान

आपल्या गेटबाहेर झेरॉक्सवाले काका आहेत. सबमिशनच्या आठवड्यात तिथे काय गर्दी असते ते सांगायला नको. मी त्यांना एकदा विचारलं, "काका, हेच मशीन का घेतलंत? दुसरं स्वस्त होतं ना?" काका म्हणाले, "बाई, स्वस्त होतं, पण त्याचा मेकॅनिक मुंबईहून येतो. याचा मेकॅनिक बसस्टँडमागे राहतो. सबमिशनला मशीन दोन दिवस बंद पडलं तर मी वर्षभराचं गिऱ्हाईक घालवून बसेन."

पेपर प्रेझेंटेशनच्या आधी मी काकांशी बोलले असते तर कदाचित बक्षीस मिळालं असतं!

कारण लिथोग्राफीचं विभागवार विक्री धोरण म्हणजे शेवटी हेच, मेकॅनिक बसस्टँडमागे ठेवणं. एक ईयूव्ही मशीन तासाला १६० किंवा जास्त वेफर्स छापतं. ते दहा तास बंद राहिलं तर १,६०० वेफर्सचं काम अडलं. आणि लिथोग्राफी हा फॅबमधला असा टप्पा आहे की वेफर त्याच्याकडे पुन्हा पुन्हा परत येतो, त्यामुळे हे अडलं की मागचं सगळं तुंबतं. म्हणून गिऱ्हाईक मशीनच्या किमतीआधी विचारतं, "बिघडलं तर माणूस किती वेळात येईल?"

आणि गिऱ्हाइकं तरी किती? ईयूव्ही मोठ्या प्रमाणावर वापरणाऱ्या कंपन्या बोटांवर मोजता येतील: तैवानची टीएसएमसी, कोरियातल्या सॅमसंग आणि एसके हायनिक्स, अमेरिकेच्या इंटेल आणि मायक्रॉन. पाच! अशा बाजारात जाहिरात कुणासाठी करायची? एक गिऱ्हाईक रुसलं तर पाचवा हिस्सा गेला. म्हणून इथे प्रत्येक विभागाचं धोरण म्हणजे खरं तर एक-दोन गिऱ्हाइकांशी वर्षानुवर्षं टिकवलेलं नातं असतं.

गिऱ्हाईक बुडालं की मशीनवालाही बुडतो

इतिहास थोडा बघू, कारण त्यात मोठा धडा आहे. वेफरवर एकेक चौकोन छापत पुढे सरकणारं पहिलं व्यापारी मशीन, म्हणजे स्टेपर, १९७८ मध्ये अमेरिकेच्या जीसीए कंपनीने आणलं. सुरुवातीला बाजार तिचाच होता. १९८० मध्ये निकॉनने आपला स्टेपर आणला, मागोमाग कॅनन आली. १९८० च्या दशकात मेमरी चिप्समध्ये जपानी कंपन्यांनी अमेरिकन कंपन्यांना मागे टाकलं. इंटेलने तर १९८५ मध्ये डीरॅमचा धंदाच सोडला. जपानी चिपवाले मशीन घ्यायला जाणार कुठे? घराजवळच्या निकॉनकडे. जीसीएची गिऱ्हाइकं आटली आणि १९९३ मध्ये कंपनीच बंद झाली.

मग चाक उलटं फिरलं. १९९० च्या दशकात मेमरी कोरियाकडे सरकली आणि दुसऱ्यांच्या चिप्स बनवून देण्याचा धंदा तैवानमध्ये वाढला. जपानी चिपवाले मागे पडले, तशी निकॉनच्या हाताखालची जमीनही सरकली. वर कोण आलं? १९८४ मध्ये फिलिप्स आणि एएसएम इंटरनॅशनल यांनी मिळून काढलेली एएसएमएल. सुरुवात आइंडहोवनला फिलिप्सच्या आवारातल्या लाकडी शेड्समधून झाली होती. तिला घरचं मोठं गिऱ्हाईक जवळजवळ नव्हतंच, म्हणून पहिल्या दिवसापासून दुसऱ्यांच्या दारी जावं लागलं. तेव्हा ती अडचण होती. पुढे तीच ताकद ठरली, कारण कुठल्याही एका देशाच्या नशिबाशी तिची गाठ बांधलेली नव्हती.

आपल्यासाठी धडा असा की, या धंद्यात "विभाग" म्हणजे नकाशावरचा रंग नाही. विभाग म्हणजे तिथल्या फॅबचं भवितव्य.

कुठे कसं विकतात?

१) तैवान. टीएसएमसी १९८७ मध्ये सुरू झाली तेव्हा फिलिप्स तिची भागीदार होती, त्यामुळे एएसएमएलची ओळख जुनी. पण नातं पक्कं झालं ते पाण्यामुळे. २००२ च्या सुमारास सगळा उद्योग १५७ नॅनोमीटरच्या प्रकाशामागे लागला होता. टीएसएमसीचे बर्न लिन म्हणाले, जुनाच १९३ चा प्रकाश ठेवा, भिंगाखाली पाणी घाला. पाण्याचा अपवर्तनांक १.४४, म्हणजे १९३ ची तरंगलांबी पाण्यात १३४ होते. एएसएमएलने ते मनावर घेतलं आणि मशीन बनवलं. निकॉननेही पाण्याची मशिनं आणली, पण आघाडी हातून गेली होती. इथे मशीनची कल्पनाच गिऱ्हाइकाने दिली! २०२० मध्ये एएसएमएलने ताइनानला ईयूव्हीचं प्रशिक्षण केंद्र उघडलं, म्हणजे मेकॅनिक तिथेच घडवायचा.

२) दक्षिण कोरिया. इथलं गिऱ्हाईक मुख्यतः मेमरीचं. मेमरीचा भाव चढतो-पडतो, तशी ऑर्डर चढते-पडते. म्हणून इथे देखभाल आणि दुरुस्ती जवळ असणं फार महत्त्वाचं. सॅमसंगच्या फॅबजवळ ह्वासंगला एएसएमएलने आपला परिसर उभारला. २०२२ मध्ये पायाभरणी झाली, २०२५ मध्ये तो सुरू झाला. डिसेंबर २०२३ मध्ये कोरियाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष यून सक-योल स्वतः वेल्डहोवनचा कारखाना बघायला गेले होते, बरोबर सॅमसंग आणि एसके या दोन्ही समूहांचे प्रमुख. गिऱ्हाईकच देशाचा अध्यक्ष घेऊन दुकानात येतं, असा हा बाजार!

३) अमेरिका. ईयूव्हीचं मूळ संशोधन बरंचसं अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रयोगशाळांत, इंटेलच्या पुढाकाराने १९९७ मध्ये झालेल्या गटातून पुढे गेलं. एएसएमएलला त्यात १९९९ मध्ये प्रवेश मिळाला, निकॉनला मिळाला नाही. मग २००१ मध्ये अमेरिकेची सिलिकॉन व्हॅली ग्रुप आणि २०१३ मध्ये लेसर बनवणारी सायमर एएसएमएलने विकत घेतली. म्हणजे परक्या देशात विकायचं तर तिथलं थोडं व्हायचं. हाय-एनएचं पहिलं मशीन डिसेंबर २०२३ मध्ये इंटेलकडेच रवाना झालं.

४) जपान. प्रतिस्पर्ध्याचं घर. तरी डिसेंबर २०२४ मध्ये होक्काइदो बेटावर चितोसेला रॅपिडसच्या फॅबमध्ये एएसएमएलचं ईयूव्ही मशीन पोचलं, आणि जवळच सेवा केंद्रही. पण निकॉन-कॅनन संपल्या असं समजू नका. साध्या, जाड रेषांच्या मशिनांना भरपूर मागणी असते आणि कॅनन तिथे भक्कम आहे. शिवाय ऑक्टोबर २०२३ मध्ये कॅननने वेगळीच वाट जाहीर केली, प्रकाशाऐवजी साच्याने थेट ठसा उमटवायचा. पहिलं असं मशीन २०२४ मध्ये टेक्सासच्या एका संशोधन संस्थेकडे गेलं.

आणखी एक भन्नाट गोष्ट. ईयूव्ही बनवायला पैसा कमी पडत होता तेव्हा, २०१२ मध्ये, एएसएमएलने गिऱ्हाइकांनाच भागीदार केलं. इंटेलने १५ टक्के, टीएसएमसीने ५ टक्के, सॅमसंगने ३ टक्के शेअर्स घेतले आणि संशोधनासाठी तिघांनी मिळून १.३८ अब्ज युरो द्यायचं कबूल केलं. एकमेकांचे कट्टर स्पर्धक एकाच मशीनसाठी वर्गणी काढतात! आपल्याकडे गणपतीच्या वर्गणीला शेजारची विंग देत नाही.

सौद्यातला तिसरा माणूस

पाचवा विभाग चीन. तो वेगळा काढला, कारण इथे विकणारा आणि घेणारा यांच्यामध्ये तिसरा माणूस बसलेला आहे: सरकार.

२०१८ मध्ये चीनच्या एसएमआयसी कंपनीने एक ईयूव्ही मशीन मागवलं होतं. डच सरकारने निर्यात परवान्याचं नूतनीकरण केलं नाही, आणि चीनला आजवर एकही ईयूव्ही मशीन विकलं गेलेलं नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेने निर्बंध कडक केले. जुलै २०२३ मध्ये जपानने उपकरणांच्या २३ प्रकारांवर नियंत्रण आणलं. सप्टेंबर २०२३ पासून नेदरलँड्सने पाण्याच्या प्रगत डीयूव्ही मशिनांनाही परवाना लावला आणि वर्षभराने त्याची कक्षा वाढवली.

आता माझ्यासारखा कुणी म्हणेल, निर्बंध आले म्हणजे विक्री घसरली. झालं उलट! एएसएमएलच्या एकूण विक्रीत चीनचा वाटा २०२२ मध्ये सुमारे १४ टक्के होता, २०२३ मध्ये २६ टक्के, २०२४ मध्ये ३६ टक्के. कारणं दोन-तीन आहेत. बाकी देशांतल्या गिऱ्हाइकांनी २०२३ मध्ये मशिनं पुढे ढकलली, तेव्हा चीनच्या थांबलेल्या ऑर्डरी पुढे सरकल्या. गाड्या आणि घरगुती उपकरणांना लागणाऱ्या जाड रेषांच्या चिप्ससाठी चीनमध्ये फॅब भराभर उभे राहत होते, आणि त्या मशिनांवर बंदी नव्हती. आणि दार बंद होणार असं दिसलं की माणूस दोन महिन्यांचा किराणा भरतोच.

पण अशा वाढीवर किती विसंबायचं? ऑक्टोबर २०२४ मध्ये एएसएमएलने नवीन ऑर्डरी अपेक्षेपेक्षा खूप कमी असल्याचं आणि २०२५ मध्ये चीनचा वाटा २० टक्क्यांच्या आसपास येईल असं सांगितलं, तेव्हा एका दिवसात शेअर सुमारे १६ टक्के कोसळला. प्रत्यक्षात २०२५ मध्ये चीनचा वाटा त्याहून जास्तच राहिला. म्हणजे एवढ्या मोठ्या कंपनीलाही सौद्यातला तिसरा माणूस आणि घाबरून साठा करणारं गिऱ्हाईक, या दोघांचा नेमका अंदाज येत नाही.

निर्बंधांनाही मर्यादा आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये हुआवेच्या फोनमध्ये एसएमआयसीने बनवलेली ७ नॅनोमीटर श्रेणीची चिप निघाली, तीही ईयूव्हीशिवाय. एकच थर अनेकदा छापून. खर्च जास्त, पण अडवलेलं पाणी वाट काढतंच. चीनची स्वतःची लिथोग्राफी कंपनी शांघाय मायक्रो इलेक्ट्रॉनिक्स इक्विपमेंट २००२ पासून आहे. आज हातातून गेलेलं गिऱ्हाईक उद्या स्पर्धक होऊन उभं राहू शकतं, ही विकणाऱ्याची खरी भीती.

मग धोलेराचं काय?

२०२२ मध्ये मी अकरावीत होते. वेदांता-फॉक्सकॉनचा प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातला गेला म्हणून घरात पेपर वाचताना बाबा आणि काका भांडले होते. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन त्यातून बाहेर पडली आणि तो प्रकल्प ना तळेगावला झाला ना गुजरातला. तेव्हा मला वाटायचं, फॅब म्हणजे जमीन, पाणी, वीज आणि अनुदान. आता वाटतं, ते सगळं लागतंच, पण पुरत नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने टाटा इलेक्ट्रॉनिक्स आणि तैवानची पीएसएमसी यांच्या धोलेरा इथल्या फॅबला मंजुरी दिली. गुंतवणूक ९१,००० कोटी, क्षमता महिन्याला ५०,००० वेफर्स. तंत्रज्ञान २८ नॅनोमीटर आणि त्याहून जाड. म्हणजे इथे ईयूव्ही लागत नाही, डीयूव्ही आणि त्याहून साधी मशिनं लागतात. म्हणून भारत हा असा विभाग आहे, जिथे एएसएमएलबरोबर निकॉन आणि कॅननलाही संधी आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या सेमिकॉन इंडियाला एएसएमएलचे प्रमुख क्रिस्तोफ फुके स्वतः आले होते. पाच गिऱ्हाइकांवर जगणारा माणूस सहावं गिऱ्हाईक दिसलं की विमानात बसतो.

पण विक्रेत्याच्या खुर्चीत बसून बघा. एका फॅबसाठी सेवा केंद्र, सुट्या भागांचं गोदाम आणि शिकलेल्या माणसांची फौज ठेवणं महाग पडतं. जवळजवळ तीन-चार फॅब असतील तर परवडतं. आणि फॅबवाला म्हणतो, सेवा जवळ असेल तर फॅब टाकतो. आधी कोंबडी की आधी अंडं? तैवान आणि कोरियात हे कोडं तीस-चाळीस वर्षांत सुटलं. आपल्याला ते एका उद्घाटनात सुटावंसं वाटतं.

आता रूम पार्टनरची गोष्ट. आमच्या जिन्यात एका क्लासचं पत्रक चिकटवलं होतं: "सेमीकंडक्टर कोर्स, तीन महिने, १०० टक्के जॉब". फी साठ हजार. तिने घरून पैसे मागवलेसुद्धा होते. तिच्या वडिलांचं छोटं किराणा दुकान आहे. मी तिला एवढंच म्हटलं, "जाऊन विचार, व्हॅक्यूम पंप उघडून दाखवणार का? लेसरचं अलाइनमेंट करायला देणार का?" ती गेली. तिथे होते वीस कॉम्प्युटर आणि एक प्रोजेक्टर. पैसे परत गेले.

चिप डिझाइन शिकणं वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण फॅब येणार म्हणून जर तयारी करायची असेल, तर या बाजाराला माणूस कुठला लागतो ते तरी बघू या. ज्याला निर्वात तंत्र कळतं, आरसे-भिंगं कळतात, कंपन मोजता येतं, पीएलसी येतं, आणि रात्री तीनला फोन आला तर न वैतागता निघता येतं. म्हणजे ई अँड टीसी, मेकॅनिकल, इन्स्ट्रुमेंटेशन, सगळेच. विक्रीचा चौथा हिस्सा अशाच माणसांच्या हातून येतो, आठवतंय ना? आपल्या लॅबमधला तो जुना व्हॅक्यूम कोटिंगचा सेट, ज्यावर आपण जर्नल ठेवतो, त्याच्यावरची जर्नल्स आधी उचलू या. लॅब असिस्टंट काकांना तो चालवता येतो, मी विचारलंय.

तर सर, तुम्ही हा अंक वाचत असाल तर माझं उत्तर असं. धोलेराला मशीन विकायला निघाले तर पहिल्या दिवशी ब्रोशर नेणार नाही. सुट्या भागांची यादी नेईन, दहा शिकलेली माणसं नेईन, आणि त्यांच्यासाठी फॅबजवळ भाड्याची घरं आधी बघून ठेवीन. मशीन मागाहून आलं तरी चालेल.

आणि त्या दहांत आपल्या कॉलेजचे दोघं-तिघं असावेत, एवढीच इच्छा.